एमॉस अलॉन्झो स्टॅग कोण होते? (शिकागो विद्यापीठ आणि जुनं अमेरिकन फुटबॉल)

रेणुका_हाइडपार्क

नमस्कार मंडळी,

आम्ही याच वर्षी शिकागोत हाइड पार्क भागात राहायला आलो. नवरा विद्यापीठात संशोधन करतो, आणि मी संध्याकाळी लेकीला बाबागाडीत घालून आवारात फिरते. तिथे रेगनस्टाइन ग्रंथालयाला लागून हेन्री मूर यांचं एक भलंमोठं कांस्यशिल्प आहे. 2 डिसेंबर 1942 ला एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली अणुभट्टी याच जागी चालवली, त्याची ती खूण. फर्मींबद्दल शाळेत वाचलेलं होतं. पण ती भट्टी कुठल्या प्रयोगशाळेत नव्हती, फुटबॉलच्या स्टेडियममध्ये प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली रचली होती, हे इथे आल्यावरच कळलं. त्या स्टेडियमचं नाव स्टॅग फील्ड. ते आता नाही, पण त्याच नावाचं दुसरं मैदान आमच्या घराजवळ आहे.

हा स्टॅग कोण, असं विचारलं तर शेजारी म्हणाले, जुना फुटबॉल कोच. त्यापुढे कुणाला काही सांगता येईना. उलट सगळे म्हणतात की हे विद्यापीठ नोबेलवाल्यांचं, खेळाचा आणि इथला काय संबंध! मग एका कोचचं नाव एवढं कसं टिकलं? कुठला हा माणूस, त्याने केलं काय, आणि फुटबॉलच्या स्टेडियममध्ये अणुभट्टी ठेवायला जागा रिकामी कशी मिळाली? कुणाला माहीत असेल तर सविस्तर लिहा. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे गृहीत धरून लिहा.

मैदानकर

रेणुका, प्रश्न वाचून फार आनंद झाला. स्टॅग हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, तेव्हा लांबण लागेल. मी सातारा जिल्ह्यात शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालो. माझा खेळ बास्केटबॉल. बास्केटबॉलच्या जन्मकथेत हे गृहस्थ भेटले आणि मग मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो.

जन्म 16 ऑगस्ट 1862, न्यू जर्सीतलं वेस्ट ऑरेंज. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं तो काळ. वडील जोडे शिवायचे, शिवाय मिळेल ती मजुरी करायचे. पोराला धर्मोपदेशक व्हायचं होतं. त्यासाठी आधी एक्झेटरच्या शाळेत आणि मग येल विद्यापीठात गेले. एक्झेटरमध्ये थंडीत शेगडीशिवाय पोटमाळ्यावर राहिले, पोटाला चिमटा घेऊन शिकले. येलमध्ये ते बेसबॉलचे नावाजलेले पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे खेळाडू झाले. व्यावसायिक संघांनी पैसे देऊ केले, ते त्यांनी नाकारले. तिथल्या बेसबॉलच्या मैदानांवर तेव्हा दारूचे गुत्ते असत, आणि हा माणूस दारू-तंबाखूला जन्मभर शिवला नाही. फुटबॉलमध्ये 1889 साली देशभरातल्या विद्यार्थी खेळाडूंमधून पहिल्यांदाच सर्वोत्तम अकरा जण निवडले गेले, त्या अकरांत स्टॅग होते.

पण व्यासपीठावर उभं राहिलं की त्यांना बोलता येत नसे. प्रवचन जमेना. तेव्हा त्यांनी ठरवलं की धर्माचं काम मैदानावरून करायचं. 1890 साली ते मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या प्रशिक्षण शाळेत गेले. तिथे त्यांच्या फुटबॉल संघात मध्यभागी खेळायचा जेम्स नेस्मिथ नावाचा कॅनेडियन. याच नेस्मिथने 1891 च्या डिसेंबरात बास्केटबॉल शोधून काढला. पुढच्या मार्चमध्ये लोकांसमोर पहिला सामना झाला, विद्यार्थी विरुद्ध शिक्षक. विद्यार्थी 5-1 ने जिंकले. शिक्षकांची ती एकुलती एक बास्केट स्टॅग यांची. बास्केटबॉल शिकवणाऱ्या माणसाने हे वाचल्यावर पुढे काय वाचायचं राहतं सांगा!

त्याच स्प्रिंगफील्डमधून शिकून हॅरी क्रो बक मद्रासला आले आणि 1920 मध्ये त्यांनी तिथे वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं. आपल्या देशातल्या पीटी शिक्षकांच्या कितीतरी पिढ्यांचं मूळ त्या महाविद्यालयात आहे. म्हणून स्टॅग मला परके वाटत नाहीत. आमच्याच घराण्यातले वाटतात.

आता शिकागो. रॉकफेलरच्या पैशातून नवं विद्यापीठ उभं राहत होतं. त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे येलमध्ये स्टॅग यांचे शिक्षक होते. हार्परनी त्यांना बोलावलं. आधी वर्षाला 1500 डॉलर म्हणाले, मग 2000. स्टॅग गप्प. शेवटी हार्पर म्हणाले 2500 डॉलर, शिवाय सहयोगी प्राध्यापकाचं पद, आणि नेमणूक कायमची.

इथे जरा थांबतो, कारण माझ्या दृष्टीने सगळी गोष्ट इथे आहे. त्या काळी कॉलेजचा फुटबॉल कोच म्हणजे बहुधा गेल्या सालचा कप्तान. पानगळीच्या दिवसांत चार-सहा आठवडे यायचा, पोरांना शिकवायचा, हंगाम संपला की आपल्या उद्योगाला जायचा. स्टॅग हे प्राध्यापकांच्या रांगेत बसणारे पहिले कोच. शारीरिक संस्कृती आणि खेळ या नावाचा स्वतंत्र विभाग, आणि त्याचे ते संचालक. नुसते फुटबॉलचे नाहीत, धावणं, बेसबॉल, सगळं त्यांच्याकडे. ज्या सभेत ग्रीक आणि गणिताचे प्राध्यापक मत देणार, त्याच सभेत मैदानाचा शिक्षकही मत देणार. मी जिथे नोकरी केली तिथे परीक्षा जवळ आली की खेळाचा तास बिनबोभाट गणिताला जायचा. पावसाळ्यात मैदानावर चिखल, म्हणून पुन्हा गणित. त्याबद्दल कुणाला विचारावंसुद्धा लागत नसे. अशा माणसाला 1892 च्या त्या नेमणुकीचं मोल फार वाटतं.

1 ऑक्टोबर 1892 ला विद्यापीठ सुरू झालं आणि लगेच सराव सुरू झाला. मुलं पुरेशी नव्हती, म्हणून पहिल्या हंगामात कोच स्वतः खेळायला उतरले. तेव्हा नियमांत त्याला हरकत नव्हती. मैदानाची जागा दिली शिकागोचे मोठे व्यापारी मार्शल फील्ड यांनी, म्हणून आधी मैदानाला त्यांचं नाव होतं. स्टॅग यांचं नाव नंतर आलं, आणि ते हयात असताना, नोकरीत असतानाच आलं.

खेळ कसा होता तेही सांगतो. हे अंडाकृती चेंडूचं फुटबॉल. चेंडू हातात घेऊन समोरच्यांच्या हद्दीत घुसायचं आणि त्यांनी पकडून लोळवायचं. कबड्डीची चढाई आणि पकड डोळ्यांपुढे आणा, फक्त इथे अकराच्या अकरा जण एकदम चढाईला जातात. तेव्हाच्या नियमाप्रमाणे 3 प्रयत्नांत 5 यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना द्यायचा. चेंडू पुढच्या दिशेने फेकायला बंदी होती. मग काय, एकमेकांना धरून घोळक्याने मधोमध धडका मारायच्या. पुष्कळांच्या डोक्यावर टोपसुद्धा नसायचा. मुलांचे जीव जायचे. 1905 च्या एका हंगामात देशभर दीड डझनाच्या आसपास मुलं दगावली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून कानउघाडणी केली. 1906 पासून नियम बदलले. 5 यार्डांचे 10 झाले आणि पुढे चेंडू फेकायला परवानगी मिळाली. स्टॅग 1904 पासून नियम समितीवर होते. पुढे फेकण्याचा नियम येताच त्यावर नवनव्या चाली रचून त्या मुलांकडून घोटून घेणाऱ्यांत ते पुढे होते. जुन्या पद्धतीचे पुष्कळ जण त्या पासकडे तिरक्या नजरेने बघत असताना.

आणि त्याच 1905 च्या नोव्हेंबरात त्यांचा सगळ्यांत गाजलेला सामना झाला. समोर मिशिगन, कोच फील्डिंग योस्ट. मिशिगन 1901 पासून 56 सामने हरलेलं नव्हतं. थँक्सगिव्हिंगचा दिवस, कडाक्याची थंडी, 25 हजारांहून जास्त माणसं. कुणाला गुण मिळेना. शिकागोचा वॉल्टर एकरसॉल लाथेने चेंडू लांब मारण्यात एक नंबर. त्याचा असाच एक लांब चेंडू मिशिगनच्या गोलरेषेमागे गेला. त्यांच्या डेनी क्लार्कने तो उचलून पळायचा प्रयत्न केला आणि शिकागोच्या मुलांनी त्याला रेषेच्या आतच लोळवलं. आपल्याच गोलरेषेमागे पकड झाली की समोरच्यांना 2 गुण. सामना 2-0 असाच संपला. हार्पर त्या वेळी कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. 10 जानेवारी 1906 ला ते गेले. ज्यांनी नेमलं त्यांच्या हयातीत हा विजय झाला, याचं मला फार बरं वाटतं.

अणुभट्टीचं पुढच्या खेपेला लिहितो, जेवायला बोलावतायत.

अनय_क

मैदानकर सर, सुंदर लिहिलंय. पण चित्र पूर्ण व्हायचं तर दुसरी बाजूही यायला हवी.

ज्या नोव्हेंबरात तो 2-0 चा सामना झाला, त्याच नोव्हेंबरात ‘कॉलियर्स’ या साप्ताहिकात एडवर्ड जॉर्डन यांची लेखमाला आली. विजय विकत कसे घेतले जातात, हा तिचा विषय, आणि शिकागो विद्यापीठ त्यात ठळकपणे होतं. एकरसॉलचंच उदाहरण घ्या. अमेरिकेतला त्या काळचा सर्वांत गाजलेला खेळाडू, पण अभ्यासात जेमतेम, आणि शेवटी पदवी न घेता बाहेर पडला. खेळायची मुदत संपल्यावर विद्यापीठाला त्याची गरज उरली नाही. प्राध्यापक-कोच असताना हे घडलं.

शिवाय शालेय स्पर्धा. 1902 पासून स्टॅग यांनी विद्यापीठात शाळकरी मुलांच्या धावण्याच्या मोठ्या स्पर्धा भरवल्या, 1917 पासून 1930 पर्यंत बास्केटबॉलची राष्ट्रीय शालेय स्पर्धा. मुलांसाठी चांगलंच. पण देशभरातली चांगली पोरं आपल्या अंगणात येतात, आपण त्यांना हेरतो, हाही त्यातला भाग होता. तिकिटांच्या पैशावरही त्यांचा ताबा होता. पुढे अमेरिकन विद्यापीठांत खेळाचा जो अवाढव्य धंदा झाला, त्याचा पाया घालणाऱ्यांत स्टॅग आहेत असं मला वाटतं.

आणि शोधांचं श्रेय जरा जपून द्यावं. खेळाडू डोकी एकत्र करून गोल उभे राहतात तो हडल स्टॅग यांनी आणला असं म्हणतात. पण वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयात 1890 च्या दशकातच पॉल हबर्ड नावाच्या खेळाडूने तो वापरला होता. तिथली मुलं खुणांच्या भाषेत बोलायची, समोरच्या संघाला खुणा दिसू नयेत म्हणून घोळका करायची.

मैदानकर

अनय, तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे आणि ते इथे यायलाच हवं होतं. एकरसॉलचं वाचताना मलाही त्रास होतो. मुलगा मैदानावर चालतो म्हणून त्याच्या वह्या कुणी उघडून बघत नाही, हे मी जवळून पाहिलंय. त्यात सगळ्यांत मोठं नुकसान त्या मुलाचंच.

फक्त याकडे मी थोडं वेगळं बघतो. कायमचं पद दिलं, त्याबरोबर स्वतंत्र विभाग दिला, त्याबरोबर पैसा हाती आला. हार्परना आपलं नवंकोरं विद्यापीठ वर्तमानपत्रांत झळकायला हवं होतं, आणि जिंकणारा संघ ते करतो. स्टॅग यांनी ते करून दिलं. शिक्षक म्हणून मिळालेला मान आणि जिंकायचं ओझं दोन्ही एकाच करारात होतं. 1906 मध्ये पश्चिमेकडच्या विद्यापीठांनी मिळून सामने 5 वर आणले, खेळायची मुदत 3 वर्षं केली, तेव्हा स्टॅग त्या नियमांत राहूनही जिंकले. त्यांच्या काळात शिकागोने त्या गटाची 7 विजेतेपदं मिळवली. तोच गट आज बिग टेन म्हणून ओळखला जातो.

हडलचं तुमचं बरोबर. गॅलॉडेटच्या मुलांचं श्रेय त्यांना द्यायला हवं. येलमध्ये असताना टॅकलच्या, म्हणजे समोरच्याला पकडून लोळवण्याच्या सरावासाठी गादी गुंडाळून पुतळा केला तो मात्र स्टॅग यांचाच मानतात. मी हा प्रकार शाळेत ज्यूदोच्या मुलांसाठी जुन्या गाद्या बांधून करायचो. मला नेहमी वाटतं, कोचने काय शोधलं यापेक्षा सरावाला तो काय करून घ्यायचा हे बघावं. त्या काळी सामना चालू असताना बाहेरून कोचने सूचना देणं नियमाबाहेर होतं. जे शिकवायचं ते सरावात. शनिवारी, सामन्याच्या दिवशी, मुलांनी आपल्या डोक्याने खेळायचं. हल्ली शालेय कबड्डीच्या सामन्यात रेषेबाहेर उभे राहून घसा फोडणारे कोच बघितले की मला तो नियम आठवतो.

शिव्या ते देत नसत. फार चिडले तर मुलाला गाढव म्हणत, त्याहून चिडले तर डबल गाढव.

आता रेणुकाचा मूळ प्रश्न. 1920 च्या दशकाच्या शेवटी संघाला उतरती कळा लागली होती. 1929 मध्ये रॉबर्ट मेनार्ड हचिन्स हे तिशीतले अध्यक्ष आले. त्यांना विद्यापीठ फक्त विद्येचं हवं होतं. स्टॅग यांना 1932 मध्ये 70 वर्षं पूर्ण झाली, नियमाप्रमाणे निवृत्ती. त्यांना खुर्चीतलं दुसरं काम देऊ केलं होतं. ते म्हणाले, मला मैदान हवं. आणि 40 वर्षांची नोकरी संपवून, सत्तरी ओलांडलेला हा माणूस कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनला, कॉलेज ऑफ द पॅसिफिक या लहानशा महाविद्यालयात नव्याने कोच म्हणून रुजू झाला.

1938 मध्ये ते आपला पॅसिफिकचा संघ घेऊन शिकागोला आले. ज्या मैदानाला आपलं नाव, तिथे पाहुणे म्हणून. पॅसिफिक 32-0 ने जिंकलं. त्यांना तो विजय गोड लागला असेल का? मला नाही वाटत. पुढच्या वर्षी मिशिगनने शिकागोला 85-0 ने हरवलं. डिसेंबर 1939 मध्ये हचिन्स यांच्या पुढाकाराने विद्यापीठाने फुटबॉलच बंद केलं. पायऱ्या ओस पडल्या. 1942 मध्ये फर्मींच्या गटाला भट्टीसाठी तातडीने जागा हवी होती. शहराबाहेर आर्गॉनच्या जंगलात जी इमारत व्हायची होती ती कामगारांच्या संपामुळे अडली. मग पश्चिमेकडच्या पायऱ्यांखालचं रॅकेटने खेळायचं रिकामं कोर्ट वापरलं. फुटबॉल चालू असतं तर दर शनिवारी तिथे हजारो माणसं बसली असती. ग्रॅफाइटच्या विटा आणि युरेनियम रचून केलेली ती भट्टी दुपारी साडेतीनच्या सुमारास सुरू झाली आणि अर्ध्या तासाच्या आत बंद केली. स्टँड 1957 मध्ये पाडले. शिल्प 1967 चं, ग्रंथालय त्यानंतरचं.

शुभदा

सर, एवढं सगळं लिहिलंत पण घरच्या माणसांचं काही आलं नाही. हा माणूस म्हातारपणी बिऱ्हाड उचलून देशाच्या दुसऱ्या टोकाला गेला. बायकोचं काय म्हणणं होतं? की नेहमीसारखं तिचं नाव कुठे नाहीच?

मैदानकर

शुभदाताई, चांगला प्रश्न. नाव आहे, आणि तिच्या कामासकट आहे. स्टेला रॉबर्टसन. शिकागो विद्यापीठाच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक. लग्न 1894 मध्ये. स्टेला सामन्याला नुसत्या टाळ्या वाजवायला जात नसत. वर बसून कोणता खेळाडू कुठे धावला, कोणती चाल लागू पडली, याचे तक्ते कागदावर मांडायच्या. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा सामना बघून त्याची टिपणं करायच्या. आज संघाबरोबर व्हिडिओ बघून विश्लेषण करणारी पगारी माणसं असतात, ते काम ही बाई पेन्सिलीने करत होती. स्टॉकटनलाही हेच. त्या गेल्या तेव्हा अठ्ठ्याऐंशीच्या घरात होत्या, 1964 मध्ये. खेळाच्या इतिहासात त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण व्हायला हवं, हे माझं ठाम मत आहे.

एक मुलगी, दोन मुलगे. दोन्ही मुलगे वडिलांच्या हाताखाली शिकागोत खेळले आणि पुढे कोच झाले.

स्टॉकटनचा पुढचा भागही सांगतो. 1943 मध्ये युद्धामुळे नौदलाचे प्रशिक्षणार्थी पॅसिफिकला राहायला आले. त्यांत चांगले खेळाडू होते आणि त्यांना कॉलेजकडून खेळायची मुभा होती. 81 वर्षांच्या स्टॅग यांनी त्यांचा असा संघ बांधला की देशातल्या कोचांच्या संघटनेने त्यांना त्या वर्षीचा सर्वोत्तम कोच निवडलं. 1946 च्या हंगामानंतर पॅसिफिकनेही त्यांना सल्लागार व्हा म्हटलं. पुन्हा तेच. ते पेन्सिल्वेनियातल्या सस्क्वेहाना विद्यापीठात गेले, जिथे थोरला मुलगा एमॉस ज्युनियर मुख्य कोच होता. वयाच्या पंचाऐंशीपासून नव्वदीपर्यंत मुलाच्या हाताखाली काम केलं. 1951 चा त्यांचा संघ एकही सामना हरला नाही. मग स्टेलांची प्रकृती ढासळली आणि त्यांच्यासाठी ते स्टॉकटनला परतले. तिथल्या स्थानिक कॉलेजच्या मुलांना लाथेने चेंडू मारायला शिकवत राहिले.

1960 मध्ये त्यांनी काम थांबवत असल्याचं पत्र लिहिलं. सत्तर वर्षं कोच आहे, आता अठ्ठ्याण्णव झाली, थांबायला ही वेळ बरी दिसते, असा त्याचा आशय. 17 मार्च 1965 ला ते गेले. वय 102.

रेणुका_हाइडपार्क

सर, खूप खूप धन्यवाद. एका माणसाच्या आयुष्यात यादवी युद्धापासून अणुभट्टीपर्यंत सगळं येतं, हे वाचून थक्क झाले. त्यांचे विक्रम अजून आहेत का? आणि आजच्या फुटबॉलमध्ये जो पैसा आहे त्याबद्दल त्यांना काय वाटलं असतं? नवऱ्याचे सहकारी रविवारी टीव्हीसमोरून हलत नाहीत, ते सगळं व्यावसायिकच ना?

अनय_क

विक्रमाचं मी सांगतो. त्यांच्या नावावर 314 विजय धरले जायचे. 1981 च्या नोव्हेंबरात अलाबामाच्या बेअर ब्रायंट यांनी 315 वा सामना जिंकून तो आकडा मागे टाकला. नंतर इतरही पुढे गेले. बास्केटबॉल आणि फुटबॉल या दोन्ही खेळांच्या सन्माननीयांच्या यादीत स्टॅग आहेत, फुटबॉलमध्ये तर खेळाडू म्हणूनही आणि कोच म्हणूनही. शिकागोने 1969 मध्ये फुटबॉल पुन्हा सुरू केलं, पण आता ते तिसऱ्या श्रेणीत खेळतात, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. त्या श्रेणीच्या अंतिम सामन्याचं नाव स्टॅग बोल.

रविवारचं सर सांगतील.

मैदानकर

रविवारचं फुटबॉल त्यांना मुळीच मान्य नव्हतं. 1923 मध्ये त्यांनी जाहीर पत्र काढलं की रविवारचं व्यावसायिक फुटबॉल हे कॉलेजच्या खेळाला धोका आहे, जुन्या खेळाडूंनी त्यात पडू नये. एक तर रविवार, देवाचा दिवस. दुसरं म्हणजे सट्टा आणि पैसा आला की कॉलेजची पोरं टोपण नावाने खेळायला जातात, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

दोन वर्षांत काय झालं बघा. इलिनॉय विद्यापीठाचा रेड ग्रेंज हा त्या काळचा सर्वांत लाडका खेळाडू. 1924 मध्ये त्याने मिशिगनविरुद्ध पहिल्या 12 मिनिटांत 4 टचडाउन केले होते, म्हणजे चार वेळा चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेला होता. तीन आठवड्यांनी तो शिकागोसमोर आला. स्टॅग यांनी ठरवलं की चेंडू आपल्याच हातात ठेवायचा, ग्रेंजला मिळूच द्यायचा नाही. तरी ग्रेंजने सामना ओढून आणला आणि 21-21 अशी बरोबरी झाली. शिकागोच्या त्या मैदानावरच्या सर्वांत चांगल्या सामन्यांपैकी तो एक. आणि 1925 मध्ये कॉलेजचा शेवटचा सामना संपताच काही दिवसांत हाच ग्रेंज शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाकडून पैसे घेऊन मैदानात उतरला. पहिल्या सामन्याला 36 हजार माणसं. तिथून व्यावसायिक फुटबॉल जे वर गेलं ते आजतागायत.

इथे मात्र मला स्टॅग पटत नाहीत, एवढा जीव असूनही. ग्रेंज सुट्टीत घरोघर बर्फाच्या लाद्या पोचवून पैसे मिळवणारा मुलगा. त्याच्या खेळावर विद्यापीठांनी स्टेडियमं भरवली. त्याने स्वतःसाठी चार पैसे घेतले तर त्यात पाप ते काय? स्टॅग यांना पगार होता, पद होतं, ते तरुणपणी पैसे नाकारू शकले. प्रत्येकाला ते परवडत नाही. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा आमच्यातल्या जुन्या शिक्षकांनीही नाकं मुरडली होती. पण शेतात राबून संध्याकाळी गावाच्या मैदानावर सराव करणाऱ्या मुलाला आपल्या खेळाचा मोबदला मिळतो, घराचं कर्ज फिटतं, धाकट्या बहिणीचं शिक्षण होतं, हे बघितल्यावर माझं मत पक्कं झालं. मुलाला शिकवताना पैसा मध्ये येऊ नये, हे स्टॅग यांचं मी मानतो आणि तसंच वागलो. मुलगा मोठा झाल्यावर त्याच्या कष्टाची किंमत त्याने घ्यावी, हे माझं.